‘कुणीही चालेल’ म्हणणारा मुलगा

“माई, विट्याजवळच्या एका गावातून लिहितेय. आमचे मालक १९ वर्षं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत आहेत. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला येतात. मुलगा २१ वर्षांचा. डिप्लोमा झालाय, पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात गेला. आता रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइल. कसला तरी ग्रुप आहे. दहावीपर्यंत ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्या मित्राचा नंबर ब्लॉक केलाय, कारण तो मुसलमान. मला म्हणतो, मणेरणीकडून बांगड्या भरायच्या नाहीत, तीही मुसलमान. परवा पहलगामचा विषय निघाला तर म्हणाला, ‘आता आपणही तसंच करायला पाहिजे.’ मी विचारलं, कुणाला? तर म्हणाला, ‘कुणीही चालेल.’ त्या दिवसापासून मला झोप नाही. हे अतिरेकी कशातून तयार होतात? गरिबीतून, धर्मातून, की बाप जवळ नसला की? आणि माझा मुलगा त्या वाटेवर आहे का?”

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे आज रात्री थोडी तरी झोप लागेल. तुमचा मुलगा अतिरेकी नाही. असं बोलणारी बहुतेक पोरं कधी कुणावर हात उचलत नाहीत. पण तुम्ही घाबरलात ते उगाच नाही. एवढ्या बोलण्यातून तुमच्या कानानं नेमका तोच शब्द टिपला. ‘कुणाला?’ या प्रश्नावर त्यानं एखाद्या माणसाचं नाव घेतलं असतं तर मला कमी काळजी वाटली असती. नाव असलेला राग पोलीस ठाण्यात नेता येतो, कोर्टात नेता येतो, चार मोठ्या माणसांपुढे मांडता येतो, आणि कधी कधी समोरासमोर आल्यावर विझतोही. ‘कुणीही’वरचा राग न्यायचा कुठे?

आणि त्याचा मूळ राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरण कुरणात २६ माणसं मारली, त्यांतली ६ आपल्या महाराष्ट्रातली. बहुतेकांना धर्म विचारून मारलं. ज्याला राग आला नाही त्याचंच काही चुकतंय. पण त्या बंदूकधाऱ्यांना मेलेल्यांपैकी एकाचंही नाव माहीत नव्हतं, कुणाचाही काही गुन्हा माहीत नव्हता. त्या दुपारी कुरणात जो सापडला तो. त्यांनाही कुणीही चालत होतं. त्या २६ जणांत एक स्थानिक घोडेवालाही होता, मुसलमान. तुमच्या मुलाच्या तोंडून त्या दिवशी जे वाक्य आलं ते त्या मारेकऱ्यांचं आहे, ताई. ते त्याच्या तोंडात कसं गेलं, हा तुमच्या पत्रातला खरा प्रश्न.

गरिबीतून, असं आपण पटकन म्हणतो. कसाबच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे. पाकिस्तानातल्या ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटचा पोरगा, शाळा लहानपणीच सुटलेली. ईदला नवे कपडे मिळाले नाहीत म्हणून बापाशी भांडून घर सोडलं, असं त्यानं चौकशीत सांगितलं होतं. मग मजुरी, मग चोऱ्या, आणि मग लष्कर-ए-तैयबाला तो आयताच मिळाला. पण ओसामा बिन लादेन गडगंज बांधकाम व्यावसायिकाच्या घरातला होता. त्याचा साथीदार जवाहिरी शल्यचिकित्सक होता. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या इमारतीवर विमान घालणारा मोहम्मद अता जर्मनीत नगररचना शिकला होता. २०१४ मध्ये कल्याणची चार मुलं घरी न सांगता इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेत जायला इराकला गेली, तीही शिकलेली. पोट रिकामं असणं हे एकमेव कारण असतं तर आपल्या माणदेशात, आटपाडी-जतच्या दुष्काळात, घरागणिक बंदूक सापडली असती.

धर्मातून? इथे मला जपून बोलावं लागेल. २०११ मध्ये नॉर्वेत एकट्या माणसानं ७७ जणांना मारलं, २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये मशिदीत नमाजाला आलेल्या ५१ जणांना एकानं मारलं. दोघेही गोरे, आपली संस्कृती वाचवायला निघालेले. जपानमध्ये १९९५ ला ज्या पंथानं टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला त्यात विज्ञान शिकलेली मुलं होती. म्यानमारमध्ये अहिंसा शिकवणाऱ्या बौद्ध भिक्खूंपैकी काहींनीच रोहिंग्या मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरवला आणि २०१७ मध्ये सात लाखांवर माणसं देश सोडून पळाली. राजीव गांधींना ज्या संघटनेनं मारलं, ती तर कुठल्याच धर्मासाठी लढत नव्हती. म्हणजे एका धर्माकडे बोट दाखवून सुटका नाही. पण ‘धर्माचा काहीच संबंध नाही’ हे वाक्यही मला पटत नाही. जुन्या ग्रंथांत युद्धांच्या गोष्टी आहेत, सगळ्यांच्याच आहेत. त्यातली एखादी ओळ उचलून ‘हा आजचा हुकूम आहे’ असं सांगणारा माणूस व्यासपीठावर उभा राहतो, आणि त्याच धर्माची शहाणी माणसं गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा हिशोब त्या त्या समाजानं द्यायचा असतो. आपणही.

मग हे एवढं वाढलं कधी? तुमच्याच भागातलं उदाहरण घेऊन सांगते. कृष्णाकाठची क्षारपड जमीन तुम्ही पाहिली असेल. कुणी मुद्दाम मीठ टाकलं नव्हतं. ऊस वाढावा म्हणून पाटानं पाणी सोडत राहिले, निचरा कुणी बघितला नाही, आणि खालचे क्षार वर आले. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्यांना हरवायचं म्हणून अमेरिकेनं आणि सौदी अरेबियानं पैसा आणि शस्त्रं ओतली, पाकिस्तानच्या लष्करानं ती वाटली. तिथे तेव्हा झिया उल हक यांची हुकूमशाही होती आणि धर्माच्या नावानं लढायला पोरं तयार करणं हे सरकारी धोरणच झालं होतं. अरब देशांतूनही तरुण आले. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परत गेल्या, पाणी सोडणारेही निघून गेले. मागे राहिल्या बंदुका, लढण्यापलीकडे काही न शिकलेली पोरं आणि त्यांना चालवणाऱ्या संघटना. त्यातलं काही काश्मीरकडे वळवलं गेलं, काही जगभर पसरलं. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकमध्ये तीच चूक वेगळ्या तऱ्हेनं केली. सरकार पाडलं, सैन्य बरखास्त केलं, लाखो शस्त्रधारी माणसं रातोरात बेकार झाली. त्या जमिनीतून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेट वर आली.

आपल्याकडे साखळी वेगळी आहे पण जात तीच. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी पडली, मुंबईत दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. प्रत्येक जण आदल्या घटनेकडे बोट दाखवून ‘त्यांनी केलं म्हणून’ म्हणतो. आणि दर वेळी मरणारा तो आदली घटना घडवणारा नसतो.

हे तुमच्यापासून लांब नाही. पुसेसावळी तुम्हाला ठाऊकच असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून तिथे जमाव जमला, मशिदीवर गेला, एका तरुणाचा जीव गेला. पोस्टचा राग होता ना? ज्याचा जीव गेला तो त्या पोस्टचा कर्ता नव्हता. मिरजेचं २००९ तर मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. सतारी घडवणारं गाव. मीरासाहेबांचा दर्गा, त्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर, उरुसात रात्रभर गाणं ऐकायला बसणारे सगळ्या जातीधर्मांचे लोक. आणि त्याच गावात गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून पेटलं ते सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. कडेगावचे ताबूत, गोटखिंडीच्या मशिदीत बसणारा गणपती, हे सगळं आपलं आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण ‘आमच्याकडे परंपरा आहे, आमच्याकडे असं होत नाही’ असं म्हणून मिरजेचे लोकही निवांतच होते.

आता माझं सांगते. या सदरात मी घरचं फारसं लिहीत नाही, पण तुमच्या पत्राला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. गोळ्या झाडणारा नथुराम गोडसे ब्राह्मण होता. पुढच्या काही दिवसांत सातारा जिल्ह्यात आणि सांगली, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. माझ्या आजोबांचं घरही त्यात गेलं. गांधीजींच्या बातमीनं त्या दिवशी आमच्याही घरात चूल पेटली नव्हती, असं आजी सांगायची. वडील तेव्हा ९ वर्षांचे. सगळे नेसत्या कपड्यांनिशी साताऱ्यात आले ते कायमचे.

लहानपणी मी विचारायचे, “कोणी जाळलं?” आजी म्हणायची, “गावानं.” एवढंच. मग मी गावाचा राग धरला. अकरावीला माझ्या वर्गात त्या गावची एक मुलगी आली. मी तिच्याशी दोन वर्षं बोलले नाही. तिनं एकदा वही मागितली तर उत्तरही दिलं नाही. तिच्या घरच्यांचा त्या रात्रीशी काय संबंध होता, होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. १९४८ ला ती जन्मलीही नव्हती, मीही नव्हते.

पुढे जमिनीच्या कागदांसाठी आजीबरोबर त्या गावी जायची वेळ आली. परत येताना एसटीत आजीनं आपणहून सांगितलं. टोळकं बाहेरगावाहून आलं होतं, गावातले दोघे त्यांना घर दाखवायला पुढे होते. बरेचसे दारं लावून बसले. आणि ज्यांनी वडिलांना आणि आत्याला रात्रभर गोठ्यात लपवलं तेही त्याच गावचे. मी तिला म्हटलं, मग आम्हाला नावं का सांगितली नाहीस? ती म्हणाली, “नावं घेतली असती तर तुझ्या आजोबांच्या डोक्यातून ती गेली नसती.” तिला सूड टाळायचा होता. तिचा हेतू किती चांगला होता, आणि माझ्यात त्याचं काय झालं बघा. दोन माणसांवर राहिला असता तो राग मी दोन हजार माणसांवर पसरवला. माझ्या बाबतीत तो पसरवायला कुणी बसलं नव्हतं, नुसतं न बोलणं पुरलं. तुमच्या मुलाच्या फोनमध्ये हेच काम करणारे लोक रात्री दोनपर्यंत जागे आहेत.

त्या लोकांची पद्धत समजून घ्या. ते मुलाला पहिल्या दिवशी ‘मार’ म्हणत नाहीत. आधी ‘भाऊ’ म्हणतात. भरतीत गेलास ना, तुझी चूक नाही म्हणतात. मग रोज एक व्हिडिओ: कुठल्या देशातला, किती वर्षांपूर्वीचा, कळू न देता. रोज एक ‘ते’. मार्क सेजमन नावाच्या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं अल-कायदाच्या जाळ्यातल्या १७२ जणांची माहिती तपासली, तर बहुतेक जण मित्रांमुळे किंवा नातेवाइकांमुळे त्यात ओढले गेले होते. विचार नंतर आले, दोस्ती आधी. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं, की आपण पोरांशी धर्मावर वाद घालून का हरतो. त्याला तिथे धर्म मिळत नाही, माणसं मिळतात. मैदानात पहाटे पाचला एकटा धावणारा, थोडक्या गुणांनी गेलेला, घरी आला की फक्त आई असलेला पोरगा.

म्हणून बाप जवळ नसण्याचा प्रश्न. तुमच्या मालकांनी १९ वर्षं भट्टीपुढे काढली ती घर चालावं म्हणून. खानापूर-आटपाडीतली कितीतरी घरं अशीच चालतात आणि त्या घरांतली पोरं चांगली निघतात. तेव्हा स्वतःला आणि त्यांना दोष लावत बसू नका. पण आत्ता, या वर्षात, त्यांची गरज आहे. फोनवर “काय रे, अभ्यास करतोस का” एवढ्यानं भागणार नाही.

मोबाइल हिसकावू नका. दुसरा फोन तो मिळवेल आणि तुम्हाला सांगणं बंद करेल, आत्ता निदान तुमच्यापुढे बोलतोय. व्हिडिओ दाखवला तर बघा आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारा जो तुम्ही त्या दिवशी विचारलात: कोण? कुणी केलं, नाव काय, गाव कुठलं, केव्हाची गोष्ट? खवळेल. खवळू द्या. पहलगामच्या गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे हे त्याच्या आधी तुम्ही म्हणा. मग शांतपणे विचारा, त्यात आपल्या मणेरणीनं काय केलं होतं? तुमच्या हातात बांगड्या चढवणारी ती बाई, तिच्या नावानिशी, त्याच्यापुढे उभी करा. तिच्याकडूनच बांगड्या भरा, आणि त्याच्यापासून लपवून नको.

तो कदाचित क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव काढेल, तुमचा भागच तो आहे. त्यांनी शस्त्र घेतलं नव्हतं का, म्हणेल. घेतलं होतं. १९४३ ला शेणोलीजवळ त्यांच्या लोकांनी पगाराची रेल्वेगाडी लुटली, १९४६ पर्यंत प्रतिसरकार चालवलं. फितुरांच्या तळपायांवर दिलेल्या शिक्षा आज ऐकवत नाहीत आणि मी त्यांचं समर्थन करणार नाही. पण त्यांच्या यादीत सरकारी खजिना होता, खबरे होते, नाडणारे सावकार होते, दरोडेखोर होते. रस्त्यानं चाललेला कुणीही त्या यादीत नव्हता. हा फरक तुमच्या गावातली एखादी म्हातारी व्यक्ती त्याला माझ्यापेक्षा चांगला सांगेल.

अजून एक गोष्ट, ती मात्र स्पष्ट शब्दांत सांगा, कारण त्याला वर्दी हवी आहे. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर टाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गुन्हा दाखल झाला की भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. ग्रुपमधला ‘भाऊ’ तेव्हा जामीन द्यायला येत नाही. आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या. २०२४ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकीचे तिघे आरोपी पुराव्याअभावी सुटले. ती सकाळ आठवली की आजही माझा हात थरथरतो. जन्मठेप झालेले तेही कुणाचे तरी मुलगे आहेत.

तो मित्र. नंबर ब्लॉक केलाय म्हणता, पण त्याच्या आईचा नंबर तुमच्याकडे असेल. तिला फोन करा. तिलाही झोप नसेल, वेगळ्या कारणानं. मुलांना लगेच एकत्र बसवू नका, तुम्ही दोघी भेटा. उरलेलं त्यांचं ते बघतील, किंवा वेळ लागेल.

मुलगा जेवेनासा झाला, कुणाशीच बोलेना, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि हत्याराचं, पैशांचं किंवा ठरावीक जागेचं, ठरावीक दिवसाचं बोलणं कानावर आलं, अचानक निरोपाची भाषा आली, तर मग आईपण बाजूला ठेवून पोलिसांकडे जायचं. ते मुलाला पकडून देणं नाही. काही घडायच्या आत वाट चुकलेल्या मुलाला परत आणता येतं.

मालकांना आजच फोन करा. दिवाळीची वाट बघायला सांगू नका, आठ दिवसांची रजा काढून यायला सांगा. आल्यावर त्यांनी पोराला मोटारसायकलवर मागे बसवून जावळीत केडंब्याला न्यावं, मेढ्याच्या पुढे. तुकाराम ओंबळ्यांचं गाव ते. मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला. तो सापडला म्हणून त्याचं नाव कळलं, गाव कळलं, त्याला कुणी शिकवलं, कुणी पाठवलं ते कोर्टापुढे आलं. १६६ जणांच्या खुनाला नाव मिळालं ते साताऱ्याच्या एका पोलिसामुळे. जाताना वाटेत बापलेकांनी काय बोलायचं ते मी सांगणार नाही. नाहीच बोलले तरी चालेल, तीन-साडेतीन तासांची वाट आहे. परत आल्यावर मला दोन ओळी लिहा.

तुमची,
माई